वायगावची हळद आणि तुमचं नाव: एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, म्हणजे वायगावच्याच भागात, तुमचं सासर. दीड एकरात वायगाव हळद, ती घरीच शिजवून, वाळवून, दळून विकता. दोन वर्षांपासून इन्स्टाग्रामवर रील टाकताय, फॉलोअर ८,००० च्या वर गेले, पण गेल्या हंगामात ऑर्डर आल्या ३१ आणि त्यातल्याही बऱ्याच नातेवाइकांच्या. स्वतःच्या नावाने ओळख उभी करावी की हळदीला वेगळं ब्रँडनाव द्यावं, वऱ्हाडी बोलावं की पुस्तकी मराठी, सासूबाईंना कॅमेरा पसंत नाही त्याचं काय करायचं, आणि घर-वावर सांभाळून हे टिकवायचं कसं, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी वरुडकडचा, घरची संत्र्याची बाग. एका वर्षी व्यापाऱ्याने बाग निम्म्या भावात मागितली, तेव्हा रागाच्या भरात ओळखीच्या लोकांना फोटो पाठवून थेट पेट्या विकल्या. तिथून हे काम लागलं. आता संत्र्यासोबत आजूबाजूच्या मिरची, हळद, जवसवाल्या घरांनाही मदत करतो. म्हणून जे सांगतोय ते वावरात उभं राहून शिकलेलं आहे.

त्या ८,००० पासून सुरुवात करू. तुमच्या दहा-बारा रील मी पाहिल्या. हळदीच्या हिरव्या पानांतून तुम्ही चालत येता आणि मागे त्या आठवड्यात गाजणारं हिंदी गाणं. रील दिसायला छान आहेत, पण लोक गाण्यासाठी थांबले. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये (खात्याची आकडेवारी दाखवणाऱ्या भागात) जाऊन फॉलोअर कोणत्या शहरांतले आहेत ते बघा. यादीत पुणे, नागपूर, मुंबई, अमरावती वर नसतील, तर तो आकडा तुमच्या हळदीच्या कामाचा नाही. पैसे देऊन फॉलोअर वाढवण्याचा विचार तुम्ही लिहिला होता, तो तर सोडूनच द्या. विकत घेतलेली खाती काही बघत नाहीत. मग तुमचा प्रत्येक व्हिडिओ आधी अशाच मुक्या लोकांपुढे जातो आणि तिथेच थांबतो.

आता मला सांगा, गावातली बाई तुम्हाला हळदीबद्दल काय विचारते? नातेवाइकांच्या लग्नात कोणी तुम्हाला बाजूला घेऊन काय विचारतं? माझ्या अंदाजाने प्रश्न असे असतील: बाजारातली पावडर इतकी पिवळीधमक का असते, तुमची थोडी काळपट-केशरी का, किलोला एवढा भाव कसा, वर्षभर टिकवायची कशी. हेच तुमचे विषय. ज्या गोष्टीसाठी माणसं आधीच तुमच्याकडे येतात, तीच फोनमधून आणखी लांब न्यायची. नवीन काही बनायला जाऊ नका.

भावाचंच घ्या. ओली हळद शिजवून वाळवली की पाच किलोची साधारण एक किलो उरते. हे शहरातल्या गिऱ्हाइकाला माहीतच नाही. एकच व्हिडिओ करा: काढणीच्या दिवशी पाच किलो ओले कंद काट्यावर ठेवा, आकडा दाखवा. तेच कंद शिजवा, वाळवा. पंधरा-वीस दिवसांनी त्याच काट्यावर पुन्हा ठेवा. गाणं नको, सजावट नको. ‘महाग का?’ हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला पुढची पाच वर्षं हाच व्हिडिओ पाठवता येईल. रील दोन-चार दिवसांत वाहून जाते. यूट्यूबवर मात्र ‘हळद कशी शिजवायची’, ‘भेसळीची हळद कशी ओळखायची’ असं शोधणारा माणूस तीन वर्षांनीही तुमच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून मोठे, उत्तर देणारे व्हिडिओ यूट्यूबवर ठेवा आणि त्यांचेच तुकडे इन्स्टाग्रामवर. यूट्यूबच्या जाहिरातीच्या पैशांमागे लागू नका. त्याला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलेले लागतात. झाले तर झाले. तुमचं उत्पन्न हळदीचं आहे.

नावाचं आता नीट ऐका, कारण इथे चूक झाली तर पुढे फार महाग पडते. ‘वायगाव हळद’ हे नाव तुमच्या एकट्याचं नाही, कोणाच्याच एकट्याचं नाही. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन (जीआय टॅग, म्हणजे ठराविक भागातल्या मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण) मिळालं. ते त्या भागातल्या पिकवणाऱ्या सगळ्यांचं आहे. पाकिटावर मानांकनाचा उल्लेख आणि चिन्ह वापरायचं तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून तुमची नोंद हवी. गावातल्या ज्या गटाने हे काम केलं आहे त्यांच्याकडे चौकशी करा आणि नोंद करून घ्या. नोंद होईपर्यंत चिन्ह छापू नका. बाहेरची हळद वायगावच्या नावाने खपवणारे आहेतच. उद्या त्यांच्याविरुद्ध बोलायची वेळ आली, तर आपला कागद पक्का असला पाहिजे.

मग तुमचं स्वतःचं काय? तुमचं नाव आणि तुमचं गाव. माझं मत स्पष्ट आहे: पहिली काही वर्षं तुमच्या नावानेच ओळख उभी करा. ‘अमृत’, ‘सुवर्ण’, ‘शुद्ध’ अशी नावं शेकडो पाकिटांवर आहेत. ‘अमुक ताईंची हळद’ हे एकाच घरात मिळतं. माहेरचं नाव ठेवायचं की सासरचं, हे घरात बसून एकदा ठरवा आणि मग बदलू नका. बदललं की जुने लोक शोधत राहतात. रोमन लिपीत खात्याचं नाव घेताना लक्षात ठेवा, ‘ळ’ला तिथे स्वतंत्र अक्षर नाही. ‘हळद’ कोण कसं लिहील सांगता येत नाही. तुमचं नाव आणि गाव एवढंच ठेवा. जे नाव फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बरोबर लिहिता येतं, ते नाव चांगलं. यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळीकडे तेच घ्या, आज वापरत नसलात तरी. स्वतःची वेबसाइट इतक्यात नको. ऑर्डर स्थिर झाल्या की आपल्या नावाचा डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तेवढा घेऊन ठेवा.

खाती कोणाच्या हातात आहेत, याबद्दल माझ्यावर बेतलेलं सांगतो. माझं पहिलं फेसबुक पेज तालुक्याच्या गावातल्या एका ओळखीच्या मुलाने बनवून दिलं होतं. ईमेल त्याचा, नंबर त्याचा. मी फक्त फोटो द्यायचो. तो कामासाठी बाहेर गेला, नंबर बंद झाला आणि ऐन आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या एका मुख्य हंगामाच्या, विक्रीत मी माझ्याच पेजच्या बाहेर. तीन वर्षांची गिऱ्हाइकं त्या पेजवर होती. त्या मुलाने वाईट काहीच केलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. म्हणून सांगतो: ईमेल तुमचा, सिम तुमच्या आधारवर, दिराच्या किंवा मोबाइल दुकानदाराच्या नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय) सगळीकडे चालू करा. पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवा आणि घरातल्या एका माणसाला ती वही कुठे आहे हे माहीत असू द्या. विक्रीचं सिम वेगळं असू द्या, पण त्यात रिचार्ज चुकवू नका. बरेच दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देते. पाकिटावर छापलेला नंबर दुसऱ्याच्या खिशात वाजू लागला तर नाव राहील कुठे?

तो वेगळा नंबर व्हॉट्सअॅप बिझनेसवर टाका. फुकट आहे. कॅटलॉगमध्ये पाव किलो, अर्धा किलो, किलो, अख्खी हळकुंडं, प्रत्येकाचा फोटो आणि भाव. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये भरून ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) एका वेळी २५६ जण बसतात, पण संदेश पोहोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. हे कळायला मला एक हंगाम लागला. ‘संत्री तयार आहेत’ असं पाठवत होतो आणि निम्म्या लोकांना ते मिळतच नव्हतं. म्हणून पहिल्या ऑर्डरसोबतच सांगा, ‘माझा नंबर या नावाने सेव्ह करा, नवी हळद आली की कळवीन.’ ही यादी म्हणजे तुमचं खरं भांडवल. इन्स्टाग्राम उद्या बदलेल. यादी तुमच्याजवळ राहील. महिन्यातून एकदा ती वहीत उतरवा: नाव, गाव, काय घेतलं, कधी घेतलं. वर्षाने ‘मागच्या वेळी तुम्ही अर्धा किलो नेली होती, पुरली का?’ असं विचारलं की त्या बाईला तुमची आठवण ठेवावीच लागत नाही.

आसपासच्या गिऱ्हाइकांना स्वतः माल नेऊन देत असाल तर गुगलवर व्यवसायाची नोंद करा, पण घराचा पत्ता लपवण्याची सोय आहे ती वापरा आणि फक्त कुठे माल पोहोचवता ते दाखवा. एकट्या बाईच्या दारात अनोळखी माणसं नकोत. माल मिळाल्यावर आठ-दहा दिवसांनी प्रत्येकाला दोन ओळी लिहायची विनंती करा. त्याबदल्यात हळद फुकट द्यायची नाही. गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही अशा ओळींचा वास येतो.

भाषेबद्दल तुम्ही सगळ्यात संकोचून विचारलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या रीलमध्ये एका ठिकाणी तुम्ही सरळ बोलता आणि मागून जाऊबाई काही विचारतात. त्यांना तुम्ही म्हणता, ‘आव थांबा ना माय, आत्ता येतो.’ त्या दोन सेकंदांत तुम्ही जशा आहात तशा दिसता. बाकी दीड मिनिट बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं. पुण्या-मुंबईची माणसं हसतील ही भीती मलाही होती. सुरुवातीचे माझे व्हिडिओ मी ‘आपण पाहू शकता’ असल्या भाषेत केले. ते मला स्वतःला ऐकवत नाहीत. आपली वऱ्हाडी बोला. जिथे शब्दच वेगळा आहे तिथे एकदा अर्थ सांगा. आपण सांभार म्हणतो ती कोथिंबीर, हे तिकडे कोणाला माहीत नसतं. मी एकदा संत्र्याच्या सालीच्या चटणीत ‘वरून सांभार टाका’ म्हणालो. इडलीचं सांबार चटणीत कसं टाकायचं, असं विचारणाऱ्या इतक्या कमेंट आल्या की त्यांना उत्तरं देता देता पंधरा-वीस घरं कायमची जोडली गेली. पाकिटावरचा मजकूर मात्र प्रमाण मराठीत आणि शुद्ध हवा. तिथे मी हट्टी आहे. बोली बोलताना जिवंत असते. छापील सूचना कोणालाही एका वाचनात कळली पाहिजे.

सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नका. चेहरा दाखवल्याशिवाय नाव होत नाही, हे शहरातलं शिकवणं आहे. हात दाखवा, काम दाखवा, आवाज द्या. माझ्या ओळखीची भिवापूरकडची एक मिरचीवाली ताई आजपर्यंत व्हिडिओत फक्त हातांनी दिसली आहे. तिच्या हिरव्या बांगड्या लोक ओळखतात. आणि सासूबाईंना एक विचारून बघा: हळद शिजली हे तुम्ही कशावरून ओळखता? पुस्तकात लिहिलेलं असतं की फेस येतो, पांढरी वाफ निघते, हळदीचा खास वास सुटतो आणि काडी टोचली की सहज आत जाते. पण तो वास नेमका कधी बदलतो, हे चाळीस वर्षं भट्टीजवळ उभ्या राहिलेल्या बाईलाच कळतं. ते ज्ञान त्यांचं आहे. त्यांचा फक्त आवाज घेतला तर चालेल का, असं विचारा. टाकण्याआधी त्यांना ऐकवा, ‘नको’ म्हणाल्या तर पुसून टाका. वावरात निंदायला येणाऱ्या बायांचंही तसंच. मजुरीला आल्या म्हणजे चित्रीकरणाला होकार दिला असं होत नाही. विचारल्याशिवाय कोणाचा चेहरा नको. लेकरांचा तर नकोच.

आता कष्टाचा भाग, म्हणजे टिकवणं. रोज एक व्हिडिओ हा नियम तुमच्यासाठी नाही. हळदीचं वर्ष स्वतःच तुम्हाला विषय देतं. जूनच्या सुमारास बेणं लावणं, पावसाळ्यात निंदण आणि मातीची भर, हिवाळ्यात पाला पिवळा पडून वाळणं, जानेवारीपासून काढणी, मग शिजवणं, वाळवण, पॉलिश, दळण. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी सात ते नऊच्या उन्हात तासभर शूटिंग करा, त्यातून चार तुकडे निघतात. वाऱ्याचा आवाज फार येतो. फोनच्या माइकवर कापसाचा पातळ थर चिकटवा, आपल्याकडे कापसाला काय तोटा. व्हिडिओ रात्री नेटवर्क मोकळं असताना चढवा. काढणी आणि शिजवणीच्या महिन्यात नवीन काही बनवू नका, फक्त काम चाललंय ते दाखवा. आणि माल पाठवायचे वार ठरवा. हिंगणघाटला कुरिअरसाठी आठवड्यातून दोनदाच जाणं होत असेल तर तेच दोन वार लिहून टाका. ‘उद्या पाठवते’ म्हणून चौथ्या दिवशी पाठवण्यापेक्षा ‘शुक्रवारी निघेल’ म्हणून शुक्रवारी निघालेलं पार्सल नाव राखतं.

वाईट वर्ष येईल. पाऊस जास्त झाला, पाणी साचलं की कंदकूज येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. ते लपवू नका. आमच्याकडे एका वर्षी आंबिया बहाराची इतकी फळगळ झाली की आगाऊ घेतलेल्या ऑर्डरी पुऱ्या होणं शक्य नव्हतं. मी झाडाखाली पडलेली फळं दाखवली, किती पेट्या देता येतील ते सांगितलं आणि उरलेल्यांचे पैसे त्याच आठवड्यात परत केले. बाजारातून संत्री घेऊन पेट्या भरायचा सल्ला घरातूनच मिळाला होता. भरल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं, पण पुढच्या वर्षी माझ्याच झाडाबद्दल बोलताना माझी जीभ अडखळली असती. ज्यांचे पैसे परत केले त्यातले बहुतेक दुसऱ्या बहाराला परत आले.

तुमच्या हळदीबद्दल एक दावा तातडीने काढून टाका. एका रीलखाली ‘शुगर आणि कॅन्सरवर रामबाण’ असं लिहिलंय. १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा मधुमेह, कर्करोगासारख्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई करतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणी तुमच्यावर विश्वास ठेवून गोळ्या बंद करेल. कुरकुमीन (हळदीला रंग देणारा घटक) किती आहे हे सांगायचं तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि अहवालाचं पूर्ण पान दाखवा, कोणत्या वर्षीच्या मालाचा आहे त्यासकट. पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, पत्ता, संपर्क हे हवंच. पारदर्शक पाकीट टाळा, उजेडाने हळदीचा रंग उतरतो आणि गिऱ्हाईक भेसळ समजतं.

नाव झालं की पिकाच्या टॉनिक आणि फवारणीच्या कंपन्यांची माणसं येतील: ‘ताई, आमची बाटली फक्त हातात धरा.’ पैसे घेऊन दाखवलं तर तसं व्हिडिओत सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्यालाही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. तुम्ही स्वतः वावरात न वापरलेलं काहीही दाखवू नका. फवारणीत माणसं गेली आहेत आपल्याकडे, २०१७ चं यवतमाळ आपण विसरलेलो नाही. एका कास्तकाराने आपल्या भरवशावर काय पंपात ओतलं, याची जबाबदारी आपल्यावर येते.

घाण कमेंट येतीलच. इन्स्टाग्रामच्या ‘हिडन वर्ड्स’मध्ये तसले शब्द मराठीत, हिंदीत, रोमनमध्ये भरून टाका, म्हणजे ते तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा. फारच झालं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसाठी वेगळी तक्रारीची सोय आहे. आणि ‘मी लष्करात आहे, ५० किलो हळद हवी, पैशासाठी क्यूआर पाठवतो’ असा फोन आला तर तिथेच ठेवून द्या. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन कधीच टाकावा लागत नाही, टाकला तर पैसे आपल्याच खात्यातून जातात. चुकून गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

जानेवारीला अजून वेळ आहे. तोपर्यंत नंबर, नाव, नोंदणी आणि पाकिटावरचा मजकूर एवढंच करा. जुन्या गाण्याच्या रील खाली काढायची गरज नाही, फक्त तो शुगर-कॅन्सरचा मजकूर आजच काढा. काढणी लागली की पहिल्या दिवशीच पाच किलो ओले कंद वेगळे काढून त्यांच्या टोपलीला लाल चिंधी बांधा, नाहीतर ते ढिगात मिसळतील आणि तो वजनाचा व्हिडिओ पुन्हा वर्षभर राहून जाईल. आणि सासूबाई हो म्हणाल्या तर आवाज घेताना फोन भट्टीपासून दोन-तीन हात लांब ठेवा. वाफेने काच धुकटते आणि खदखदण्याच्या आवाजात त्यांचं बोलणं बुडून जातं.